दूरसंचार वाहतूक अभियांत्रिकी

दूरसंचार वाहतूक अभियांत्रिकी ही उपयोजित गणित आणि अभियांत्रिकी यांच्या सीमेवरील एक ज्ञानशाखा आहे. दूरध्वनी, भ्रमणध्वनी आणि संगणक यांच्या जाळ्यांतून वाहणाऱ्या संदेशांचे मोजमाप, त्यांच्या मार्गांची निवड, कोंडीचे निवारण आणि जाळ्यांची आखणी हे तिचे विषय होत. उपलब्ध तारा, प्रकाशीय तंतू, रेडिओलहरींच्या वाहिन्या व यंत्रे यांच्या आधारे अधिकाधिक संदेश कमीत कमी विलंबाने, स्वीकारार्ह खर्चात आणि बिघाडाच्या प्रसंगीही खंड न पडता पोहोचवणे हे तिचे उद्दिष्ट असते. येथे ‘वाहतूक’ हा शब्द रस्त्यावरील वाहनांसाठी नसून दूरध्वनीवरील संभाषणे अथवा संगणकीय माहितीची पाकिटे (पॅकेटे) यांच्या प्रवाहासाठी वापरला जातो.

स्वरूप

कोणतेही संदेशवहन जाळे ‘नोड’ आणि ‘दुवे’ या दोन घटकांचे बनलेले असते. दूरध्वनी केंद्र, राउटर किंवा मनोरा हा नोड होय. दोन नोडांना जोडणारी तार, तंतू किंवा रेडिओ वाहिनी हा दुवा होय. प्रत्येक दुव्याची क्षमता मर्यादित असते. कोणत्या नोडाकडून कोणत्या नोडाकडे किती संदेश जावयाचे आहेत, याच्या कोष्टकाला ‘वाहतूक सारणी’ म्हणतात. नोडांची संख्या वाढली की ही सारणी झपाट्याने मोठी होते. ५० नोडांच्या जाळ्यात प्रत्येकाकडून उरलेल्या ४९ नोडांकडे, म्हणजे एकूण २,४५० मागण्या संभवतात.

या क्षेत्रातील निर्णय तीन वेगवेगळ्या कालमर्यादांत घ्यावे लागतात. नवा तंतू कोठे टाकावा, कोणत्या केंद्राची क्षमता वाढवावी हे निर्णय महिने किंवा वर्षे आधी करावे लागतात. त्यांना जाळ्याची आखणी म्हणतात. असलेल्या जाळ्यात कोणता संदेश कोणत्या वाटेने न्यावा, हे काही सेकंदांत ते काही तासांत ठरते. ते मार्गनिर्धारण होय. एखाद्या क्षणी पाठवणाऱ्याने वेग वाढवावा की कमी करावा हा निर्णय सेकंदाच्या काही हजारांश भागात होतो. ते कोंडी-नियंत्रण होय. हे तिन्ही स्तर परस्परांवर अवलंबून असतात. आखणीत राहिलेली उणीव चतुर मार्गनिर्धारणाने काही काळ झाकता येते, परंतु कायमची भरून काढता येत नाही.

इतिहास

दूरध्वनी युग

या शास्त्राचा पाया डेन्मार्कचे गणितज्ञ आग्नर क्रारुप एरलांग (१८७८–१९२९) यांनी घातला. ते १९०८ मध्ये कोपनहेगन दूरध्वनी कंपनीत रुजू झाले. ठरावीक ग्राहकांसाठी किती तारा ठेवाव्यात, म्हणजे ‘लाइन व्यग्र आहे’ असे उत्तर फार थोड्या वेळा द्यावे लागेल, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. ग्राहकांचे कॉल परस्परांवर अवलंबून न राहता यादृच्छिकपणे येतात आणि त्यांची संख्या प्वासाँ वितरणाचे पालन करते, हे त्यांनी १९०९ मध्ये दाखवले. १९१७ मध्ये त्यांनी कॉल नाकारला जाण्याची संभाव्यता काढणारी सूत्रे प्रसिद्ध केली. दूरध्वनी वाहतुकीच्या एककाला १९४६ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. एक लाइन एक तासभर सतत व्यग्र राहिली, तर त्या तासातील वाहतूक एक एरलांग असते.

स्वयंचलित केंद्रे येण्यापूर्वी लांब पल्ल्याच्या कॉलची मार्गनिवड दूरध्वनी चालक हाताने करीत. भारतात ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे वर्ग होते आणि वरच्या वर्गाला अधिक दर भरून रांगेत पुढची जागा मिळे. आजच्या राउटरमधील प्राधान्य-रांगांमागील तत्त्व तेच आहे.

पुढे विसाव्या शतकात थेट मार्ग भरला असता कॉल आपोआप दुसऱ्या मार्गाने वळवण्याची पद्धत रूढ झाली. त्यासाठी केंद्रांची ठरावीक उतरंड असे. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने १९८४ पासून ही उतरंड मोडून दिवसाच्या वेळेनुसार बदलणारे मार्ग वापरण्यास प्रारंभ केला. देशाच्या पूर्व आणि पश्चिम भागांतील गर्दीच्या वेळा भिन्न असल्याने, एका भागातील रिकाम्या लाइनी दुसऱ्या भागाच्या कामी येऊ लागल्या.

पॅकेट युग

१९६० च्या दशकात अमेरिकेच्या रँड संस्थेतील पॉल बॅरन आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील डोनाल्ड डेव्हिस यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली. तीनुसार संदेशाचे लहान तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याने आपली वाट स्वतंत्रपणे काढावी. बॅरन यांचा हेतू हल्ल्यात काही केंद्रे नष्ट झाली तरी उरलेले जाळे चालू राहावे हा होता. लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी अशा जाळ्यांतील विलंबाचे गणित रांग-सिद्धान्ताच्या साहाय्याने मांडले. या विचारांतून उभ्या राहिलेल्या आर्पानेट या जाळ्यावरून २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील दोन संस्थांमध्ये पहिला संदेश गेला.

गणिती पाया

लाइनींची संख्या

एरलांग यांच्या सूत्राचे आकडे पायरीपायरीने काढता येतात. एकही लाइन नसेल, तर नकाराची संभाव्यता १ असते. त्यानंतर प्रत्येक वाढीव लाइनीसाठी मागील संभाव्यतेला वाहतुकीच्या एरलांगांनी गुणावे आणि त्या गुणाकाराला, लाइनींची नवी संख्या अधिक तोच गुणाकार, या बेरजेने भागावे. वाहतूक १ एरलांग असेल, तर १ लाइन असताना निम्मे कॉल नाकारले जातात. २ लाइनी असताना २० टक्के, ३ असताना सुमारे ६ टक्के, ४ असताना सुमारे दीड टक्का आणि ५ असताना सुमारे ०.३ टक्के कॉल नाकारले जातात.

या सूत्रातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. नकाराचे प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवायचे असेल, तर १० एरलांग वाहतुकीसाठी १८ लाइनी लागतात. असे दहा स्वतंत्र गट असतील, तर एकूण १८० लाइनी लागतील. परंतु तीच १०० एरलांग वाहतूक एकत्र केली, तर सुमारे ११७ लाइनी पुरतात. मोठ्या समूहात एकाची गर्दी आणि दुसऱ्याची विश्रांती परस्परांना सावरून घेतात. लहान केंद्रांची वाहतूक गोळा करून मोठ्या दुव्यावर आणण्यामागील आर्थिक कारण हेच आहे. अशा एकत्रीकरणाची दुसरी बाजू अशी की, तो मोठा दुवा तुटला तर एकाच वेळी फार मोठा प्रदेश मुका होतो.

रांग आणि विलंब

पॅकेट-जाळ्यात संदेश सहसा तत्काळ नाकारला जात नाही; तो राउटरच्या स्मृतीत रांगेत थांबतो. एखादा दुवा सेकंदाला सरासरी १,००० पॅकेटे पुढे पाठवू शकतो असे समजू. यादृच्छिक आगमनाच्या सर्वांत साध्या प्रतिमानानुसार, सेकंदाला ५०० पॅकेटे येत असतील तर प्रत्येकाला सरासरी २ मिलिसेकंद लागतात. ९०० येत असतील तर १० मिलिसेकंद आणि ९९० येत असतील तर १०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे वाहतूक ९०० वरून ९९० वर, केवळ एक दशांशाने वाढली, तरी विलंब दसपट होतो. क्षमतेच्या काठाशी चालणारे जाळे शांत दिसत असतानाच अचानक कोलमडते, त्याचे मूळ या संबंधात आहे.

संगणकीय वाहतूक मात्र दूरध्वनीच्या वाहतुकीइतकी सौम्य नसते. विल लेलँड, मुराद टक्कू, वॉल्टर विलिंगर आणि डॅनियल विल्सन यांनी बेलकोर संस्थेतील इथरनेट जाळ्यावर केलेली मोजणी १९९३–९४ मध्ये प्रसिद्ध झाली. या वाहतुकीतील चढउतार मिलिसेकंदांत पाहिले काय किंवा मिनिटांत पाहिले काय, सारख्याच स्वरूपाचे दिसतात, असे तीतून आढळले. या गुणधर्माला स्वसादृश्य म्हणतात. त्यामुळे केवळ सरासरी पाहून आखलेल्या रांगा अपुऱ्या पडतात आणि क्षमतेत अधिक सवड ठेवावी लागते.

प्रवाह आणि छेद

लेस्टर फोर्ड आणि डेल्बर्ट फुल्कर्सन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमेयानुसार, दोन नोडांमधून जाऊ शकणारा महत्तम प्रवाह हा त्यांना एकमेकांपासून तोडणाऱ्या दुव्यांच्या सर्वांत दुबळ्या संचाच्या क्षमतेएवढा असतो. या संचाला लघुतम छेद म्हणतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की, छेदाबाहेरील दुव्यांवर कितीही खर्च केला, तरी त्या दोन नोडांमधील वाहतूक वाढत नाही. प्रत्यक्षात एकाच जाळ्यातून अनेक मागण्यांचे प्रवाह एकाच वेळी जातात. तेव्हा हा प्रश्न रेषीय प्रायोजनाच्या रूपाने मांडून संगणकाद्वारे सोडवला जातो.

मार्गनिर्धारण

लघुतम मार्ग

प्रत्येक दुव्याला एक ‘भार’ देऊन ज्या वाटेवरील भारांची बेरीज सर्वांत कमी ती वाट निवडणे, ही सर्वाधिक प्रचलित पद्धत आहे. यासाठी दोन रीती वापरल्या जातात. रिचर्ड बेलमन आणि लेस्टर फोर्ड यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या रीतीत प्रत्येक राउटर फक्त शेजाऱ्यांना ‘अमुक ठिकाण माझ्यापासून किती दूर आहे’ एवढेच सांगतो. एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीला संपूर्ण जाळ्याचा नकाशा लागतो. पहिल्या रीतीत कमी माहिती पुरते, परंतु बिघाडाची वार्ता हळू पसरते आणि मधल्या काळात पॅकेटे गोल फिरत राहू शकतात. दुसरीत ही अडचण कमी होते, पण सर्व राउटरांकडे एकच नकाशा असणे आवश्यक ठरते.

आर्पानेटचा अनुभव

आर्पानेटमध्ये प्रारंभी पहिली रीत वापरली जात असे. १९७९ मध्ये तिची जागा दुसऱ्या रीतीने घेतली आणि दुव्याचा भार म्हणून प्रत्यक्ष मोजलेला विलंब वापरला जाऊ लागला. जाळे मोकळे असताना ही योजना उत्तम चालली. गर्दी वाढल्यावर मात्र एक विचित्र दोष दिसला. दोन समांतर दुव्यांपैकी एक भरला की त्याचा विलंब वाढे. सर्व राउटर एकदम दुसऱ्या दुव्याकडे वळत. मग तो भरे आणि पहिला ओस पडे. वाहतूक अशी लंबकासारखी हेलकावे खात राही आणि दोन्ही दुव्यांची मिळून असलेली क्षमता वाया जाई. १९८७ मध्ये भार काढण्याचे सूत्र बदलण्यात आले. भाराला वरची मर्यादा घालण्यात आली आणि तो एका वेळी किती बदलू शकेल यावरही बंधन आले. त्यानंतर हेलकावे पुष्कळ कमी झाले.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी हेच जाळे काही तास बंद पडले होते. एका नोडाच्या सदोष यंत्रणेमुळे मार्गविषयक सूचनेचे क्रमांक बिघडले. चक्राकार क्रमांकपद्धतीमुळे तीन सूचनांपैकी प्रत्येक सूचना दुसरीपेक्षा ‘नवी’ ठरू लागली आणि सर्व नोड त्याच तीन सूचना एकमेकांना अखंड पाठवत राहिले. मार्ग ठरवणारी यंत्रणाच वाहतुकीस अडथळा ठरू शकते, हा धडा या घटनेने दिला.

भारांची निवड

लघुतम मार्गाच्या पद्धतीत मार्ग थेट ठरवता येत नाहीत. केवळ भार ठरवता येतात. कित्येक ठिकाणी भार दुव्याच्या क्षमतेच्या व्यस्त प्रमाणात ठेवला जातो. बर्नार्ड फोर्ट्झ आणि मिकेल थोरुप यांनी २००० मध्ये दाखवले की, वाहतूक सारणी ठाऊक असताना सर्वोत्तम भार शोधणे हा संगणनदृष्ट्या अतिकठीण वर्गातील प्रश्न आहे. तरीही क्रमाक्रमाने सुधारणा करत जाणाऱ्या शोधपद्धतीने आदर्शाच्या अगदी जवळ जाता येते. त्यासाठी त्यांनी एटी अँड टीच्या नियोजित जाळ्याची माहिती वापरली होती. नवे यंत्र न घेता, केवळ भारांचे आकडे बदलून जुन्या जाळ्यातून अधिक वाहतूक नेता येते, हे या संशोधनाचे महत्त्व होय.

दोन संस्थांमधील मार्ग

इंटरनेट हे हजारो स्वायत्त जाळ्यांचे मिळून बनलेले आहे. त्यांच्यामधील मार्ग १९८९ पासून विकसित होत आलेल्या बीजीपी या नियमावलीनुसार ठरतात. येथे लांबीपेक्षा करार आणि धोरण यांना महत्त्व असते. परक्या जाळ्याकडे जाणारे पॅकेट शक्य तितक्या जवळच्या सीमेवर सोपवून मोकळे होण्याची वृत्ती सर्रास आढळते. तिला ‘गरम बटाटा’ पद्धत असे गमतीदार नाव आहे.

ही व्यवस्था मूलतः परस्परविश्वासावर उभी आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत यूट्यूब बंद करण्यासाठी तयार केलेला मार्ग चुकून जगभर जाहीर झाला. तो अधिक नेमका असल्याने इतर जाळ्यांनी तो स्वीकारला आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब मिळेनासे झाले. त्यानंतर मार्गाच्या घोषणेची अधिकृतता सांकेतिक प्रमाणपत्राने तपासण्याची पद्धत हळूहळू रूढ होत गेली.

केंद्रीय नियंत्रण

२००१ मध्ये प्रमाणित झालेल्या एमपीएलएस तंत्रात पॅकेटावर चिठ्ठी लावून त्याला आधी आखलेल्या वाटेने नेता येते. त्यामुळे लघुतम नसलेल्या, पण मोकळ्या असलेल्या वाटा वापरात आणता येतात. पुढची पायरी म्हणून संपूर्ण जाळ्याचे चित्र एका नियंत्रकाकडे आणून तेथून मार्ग ठरवण्याची पद्धत आली. गुगलने आपल्या माहिती केंद्रांना जोडणाऱ्या बी-फोर या जाळ्याचे वर्णन २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील अनेक दुवे जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालवता येतात. हे शक्य होण्याचे कारण असे की, त्या वाहतुकीतील मोठा भाग माहितीच्या प्रती करण्याचा असतो आणि तो थोडा थांबला तरी चालते. सार्वजनिक जाळ्यात संभाषण, बँकव्यवहार आणि आपत्कालीन कॉल असतात. तेथे तीच घनता धोक्याची ठरते.

स्वहित आणि सामूहिक हित

प्रत्येकाने आपल्यापुरती सर्वांत जलद वाट निवडली, तर सर्वांचे मिळून भले होतेच असे नाही. समजा, दोन नोडांमध्ये दोन दुवे आहेत. पहिल्यावर नेहमी १०० मिलिसेकंद लागतात. दुसऱ्यावर जितके प्रवाह असतील तितके मिलिसेकंद लागतात. एकूण १०० प्रवाह आहेत. दुसरा दुवा पहिल्यापेक्षा कधीच अधिक वेळ घेत नसल्याने सर्वजण तोच निवडतील आणि प्रत्येकाला १०० मिलिसेकंद लागतील. मात्र ५० प्रवाह पहिल्या दुव्याने धाडले, तर त्यांचे काही बिघडत नाही, उरलेल्या ५० जणांना ५० मिलिसेकंदच लागतात आणि सरासरी ७५ वर येते. विलंब आणि गर्दी यांचे नाते असे सरळ रेषेचे असेल, तर स्वार्थी निवडीमुळे होणारे सरासरी नुकसान या ४:३ गुणोत्तरापलीकडे जात नाही, हे टिम रफगार्डन आणि ईव्हा टार्डोस यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सिद्ध केले.

जर्मन गणितज्ञ डीट्रिख ब्रेस यांनी १९६८ मध्ये याहून चमत्कारिक गोष्ट दाखवली होती. एखाद्या जाळ्यात नवा दुवा जोडल्याने सर्वांचाच विलंब वाढू शकतो.

दूरध्वनी जाळ्यातही याचा समांतर अनुभव येतो. समजा, मुंबई–नागपूर थेट लाइनी भरल्या आणि कॉल पुण्यावरून वळवला. आता तो एक कॉल मुंबई–पुणे आणि पुणे–नागपूर अशा दोन लाइनी अडवतो. त्यामुळे त्या दोन मार्गांवरील थेट कॉल नाकारले जाऊन तेही आडवाट शोधू लागतात. गर्दी वाढत गेली की बहुतेक कॉल वळसा घेऊनच जातात आणि एकूण जोडल्या जाणाऱ्या कॉलची संख्या घटते. उपाय साधा आहे: प्रत्येक मार्गावरील शेवटच्या काही लाइनी थेट कॉलसाठी राखून ठेवायच्या. ब्रिटिश टेलिकॉमसाठी रिचर्ड गिबन्स, फ्रँक केली आणि पीटर की यांनी विकसित केलेल्या पद्धतीत या राखीव लाइनींना एका सुटसुटीत नियमाची जोड मिळाली. कॉल ज्या मधल्या केंद्रातून यशस्वीपणे गेला, तेच पुढच्या वेळीही वापरावे. अपयश आले, तरच चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दुसरे निवडावे.

कोंडी-नियंत्रण

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि सुमारे ४०० यार्डांवरील बर्कली विद्यापीठ यांच्यातील माहितीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांपर्यंत घसरला. दुवे शाबूत होते. पोचपावती वेळेत न आल्याने संगणक तीच पॅकेटे पुनःपुन्हा पाठवत होते आणि जाळे या पुनरावृत्तीनेच भरून गेले होते. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी १९८८ मध्ये यावर उपाय मांडला. पॅकेट हरवणे हे कोंडीचे लक्षण मानून पाठवणाऱ्याने आपला वेग एकदम निम्म्यावर आणावा आणि नंतर तो हळूहळू वाढवावा. कोणत्याही केंद्रीय आज्ञेवाचून कोट्यवधी संगणक हा संयम पाळतात, म्हणून इंटरनेट चालते.

फ्रँक केली यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवले की, अशी विकेंद्रित वागणूक म्हणजे एका मोठ्या इष्टतमीकरणाच्या प्रश्नाचे सामूहिक उत्तर आहे. परंतु ‘इष्टतम’ म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागते. समजा, ६० एकक क्षमतेचे दोन दुवे एकापुढे एक आहेत. एक दूरचा ग्राहक दोन्ही दुवे वापरतो आणि दोन जवळचे ग्राहक एकेक दुवा वापरतात. त्यांच्यातील वाटप तीन प्रकारे करता येते:

• एकूण वाहतूक महत्तम करणे: दूरच्याला ०, जवळच्या प्रत्येकाला ६०; एकूण १२०.
• सर्वांना समान वाटा देणे: प्रत्येकी ३०, एकूण ९०.
• प्रमाणबद्ध न्याय: दूरच्याला २०, जवळच्या प्रत्येकाला ४०, एकूण १००.

पहिले वाटप सर्वांत ‘कार्यक्षम’ आहे. पण त्यात दूरच्या ग्राहकाला काहीच मिळत नाही. कोणते वाटप योग्य, याचे उत्तर गणित देऊ शकत नाही. ते सामाजिक धोरणाने द्यावे लागते.

जाळ्याची आखणी

सर्व ठिकाणे कमीत कमी लांबीच्या तारेने जोडणाऱ्या रचनेला लघुतम व्यापक वृक्ष म्हणतात. ओताकार बोरूव्का यांनी १९२६ मध्ये मोराव्हिया प्रांतातील वीजजाळ्याच्या संदर्भात हा प्रश्न सोडवला. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट प्रिम यांनी १९५७ मध्ये दूरध्वनी जाळ्याच्या दृष्टीने त्याची सुटसुटीत रीत दिली. मध्ये नवे जोडबिंदू घेण्याची मुभा असेल, तर मात्र हाच प्रश्न अतिकठीण वर्गात जातो.

वृक्षाकार जाळे सर्वांत स्वस्त असते, पण सर्वांत नाजूकही असते. १० ठिकाणे ९ दुव्यांनी जोडता येतात. मात्र त्यांपैकी कोणताही एक दुवा तुटला, तर जाळ्याचे दोन तुकडे होतात. दहावा दुवा टाकून वलय पूर्ण केले, तर कोणताही एक दुवा तुटला तरी सर्व ठिकाणे जोडलेली राहतात. तंतूंच्या वलयांतील वाहतूक ५० मिलिसेकंदांच्या आत उलट दिशेने वळवण्याचा दंडक आहे. त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. वलयाच्या प्रत्येक बाजूस दुसऱ्या बाजूचा भार पेलेल इतकी राखीव क्षमता हवी आणि दोन्ही बाजू एकाच चरातून नेलेल्या नसाव्यात. नकाशावर वेगळे दिसणारे दोन तंतू एकाच पुलावरून जात असतील, तर एका पुरात दोन्ही वाहून जातात.

क्षमता हवी तेवढी सुटी विकत मिळत नाही. दुवे १०, १००, ४०० गिगाबिट अशा टप्प्यांत घ्यावे लागतात, म्हणून आखणीत पूर्णांक प्रायोजन वापरले जाते. केंद्रांच्या आतील रचनेसाठी चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये मांडलेली बहुस्तरीय जोडणी आजच्या माहिती केंद्रांत नव्याने उपयोगात आली आहे. तीत अनेक लहान स्विच वापरून मोठ्या स्विचचे काम साधले जाते.

भारतातील स्थिती

मुंबईत दूरध्वनी केंद्र १८८२ मध्ये सुरू झाले. चालकाच्या मदतीवाचून दूरच्या गावी कॉल लावण्याची एसटीडी सोय १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात प्रथम मिळाली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने भारतीय ग्रामीण परिस्थितीला साजेशी लहान केंद्रे विकसित केली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली.

प्रारंभीच्या काळात दोन भारतीय कंपन्यांच्या ग्राहकांमधील संदेश अनेकदा परदेशांतील केंद्रांतून फिरून येत. प्रकाशीय तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई–लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर असल्याने केवळ जाण्यायेण्यात किमान ७२ मिलिसेकंद खर्च होतात. शिवाय समुद्री तारेचे भाडेही पडते. हा वळसा टाळण्यासाठी २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली. तिच्या विनिमय केंद्रांवर देशांतर्गत वाहतुकीची देशातच देवाणघेवाण होते.

आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी भारत समुद्रतळावरील तारांवर अवलंबून आहे आणि मुंबई हे त्यांचे प्रमुख किनारकेंद्र आहे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ फ्लॅग आणि सी-मी-वी-४ या दोन तारा तुटल्या. त्यामुळे भारताच्या पश्चिमेकडील इंटरनेट वाहतुकीला मोठा फटका बसला आणि कंपन्यांना ती पूर्वेकडून वळवावी लागली. तारा दोन असल्या, तरी त्या एकाच चिंचोळ्या पट्ट्यातून जात होत्या.

ग्रामपंचायतींना तंतूने जोडण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली. ती पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम राज्य शासनाने महानेट या नावाने हाती घेतले. प्रारंभी गावे मुख्यत्वे एकामागोमाग एक अशा सरळ रेषेत जोडली गेली. रस्त्याच्या कामात जेसीबीने एके ठिकाणी तंतू तोडला की त्यापुढील गावांचा संपर्क तुटे. रेशन दुकानातील अंगठ्याची पडताळणी, आपले सरकार केंद्रावरील दाखले, प्राथमिक आरोग्य केंद्रातील नोंदी ही कामे या संपर्कावर अवलंबून असतात. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात वलयाकार रचनेवर भर देण्यात आला.

मर्यादा आणि वाद

जाळे सर्वाधिक गर्दीच्या तासासाठी आखायचे की सरासरीसाठी, हा जुना वाद आहे. सणासुदीच्या एखाद्या दिवसासाठी क्षमता वाढवली, तर ती वर्षभर पडून राहते. भारतातील भ्रमणध्वनी कंपन्या दिवाळी, नववर्ष अशा दिवशी एसएमएसच्या सवलती रद्द करीत. या ‘ब्लॅकआउट’ दिवसांमागे मागणी दराने रोखण्याचा विचार होता. आपत्तीच्या वेळी मात्र हा मार्ग उपयोगी नसतो. भूकंप किंवा पूर आल्यावर मागणी वाढते त्याच क्षणी दुवे आणि मनोरे निकामी झालेले असतात. म्हणून ११२ सारख्या आपत्कालीन क्रमांकांना आणि बचाव यंत्रणांना प्राधान्य देण्याची तरतूद आधीच करून ठेवावी लागते.

प्राधान्य कोणाला द्यावे, हा प्रश्न व्यापारी क्षेत्रात आला की तो निव्वळ तांत्रिक राहत नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी आशयानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने इंटरनेट समानतेची तत्त्वे मान्य केली. वाजवी वाहतूक व्यवस्थापनाला त्यांत मुभा आहे. मात्र कोंडी टाळण्यासाठी केलेली वाजवी व्यवस्था कोठे संपते आणि एखाद्या सेवेवरील अन्याय कोठे सुरू होतो, याची सीमारेषा प्रत्येक प्रकरणी तपासावी लागते.

हे सुद्धा पहा

• रांग-सिद्धान्त
• आलेख सिद्धान्त
• रेषीय प्रायोजन
• आर्पानेट
• प्रकाशीय तंतू
• भारतनेट
• इंटरनेट समानता